नवा मिररलेस घेताना आधी माऊंट बघा, बॉडी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्याकडे दोन निकॉन डी७५० (आत आरसा असलेले, म्हणजे डीएसएलआर कॅमेरे) आहेत, २४-७० आणि ७०-२०० मिमी असे दोन एफ/२.८ झूम आहेत (‘एफ/’ नंतरचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त), ५० आणि ८५ या जुन्या ‘डी’ प्रकारच्या प्राइम (झूम न होणाऱ्या लेन्स) आहेत आणि ताडोबासाठी घेतलेली एक १५०-६०० आहे. काम मुख्यतः नागपूर आणि आजूबाजूच्या लग्नांचं. आता मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे जायचंय. नवीन माऊंटबद्दल कंपन्या जे सांगतात त्यातलं खरं किती, आणि नव्या सिस्टीमकडून आपण नेमकं काय मागायचं, हे तुम्हाला हवंय.

मी याच शहरात बरीच वर्षं लग्नं, सभागृहातले कार्यक्रम आणि सुट्टी मिळाली की जंगल, असं काम करतो. निकॉनच्या जुन्या एफ माऊंटवर हात बसला आणि पुढे मिररलेसवर आलो. त्यामुळे खालचं उत्तर माझ्या कामाच्या बाजूनं झुकलेलं आहे. तुम्ही स्टुडिओत दागिन्यांचे किंवा खाद्यपदार्थांचे फोटो काढत असता, तर यातलं निम्मं मी लिहिलंच नसतं.

तुम्ही सगळ्यात जास्त बॉडीबद्दल विचारलंय: मेगापिक्सेल किती, फ्रेम किती, व्हिडिओ कुठला. पण तुमच्या बॅगेची किंमत मांडून बघा. दोन डी७५० आज विकल्या तर हातात फार काही येणार नाही. खरा पैसा लेन्समध्ये आहे. नवी बॉडीही चार-पाच वर्षांत अशीच उतरणार. लेन्स मात्र पुढच्या दोन-तीन बॉडींवर चालतात, आणि त्या कुठल्या बॉडीवर बसणार हे माऊंट ठरवतो. म्हणून माऊंट आधी आणि बॉडी नंतर, याच क्रमानं बोलतो.

माऊंट म्हणजे लेन्स जिथे फिरवून बसवतो ते धातूचं कडं आणि त्यातून लेन्स-बॉडीत चालणारं बोलणं. त्यात दोन मापं महत्त्वाची: कड्याचा आतला व्यास, आणि कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, म्हणजे फ्लँज अंतर. निकॉनचा एफ माऊंट १९५९ चा. त्याचा व्यास ४४ मिमी आणि अंतर ४६.५ मिमी. एवढं अंतर ठेवावं लागलं कारण मधे आरसा हलायचा होता. आरसा गेला तशी ती रिकामी जागाही नको झाली. २०१८ मध्ये निकॉनने झेड माऊंट आणला तेव्हा अंतर थेट १६ मिमीवर आणलं आणि व्यास ५५ मिमी केला. त्याच वर्षी कॅननने आरएफ आणला: अंतर २० मिमी, व्यास जुन्या ईएफसारखाच ५४ मिमी. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनी मिळून एल माऊंटची घोषणाही त्याच वर्षी केली; तिथे अंतर २० मिमी. सोनीचा ई माऊंट या सगळ्यांच्या आधीचा, २०१० चा. तो सुरुवातीला छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसोबत आला, फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, २०१३ मध्ये त्यावर बसवला. अंतर १८ मिमी, व्यास ४६.१ मिमी.

आता यातून तुमच्या हातात काय पडतं? जास्त पसारा टिपणाऱ्या वाइड लेन्सला खूप, दूरचं जवळ आणणाऱ्या टेलीला जवळपास काहीच नाही. वाइड लेन्सचं शेवटचं भिंग सेन्सरच्या जवळ जाऊ शकलं तर डिझाइन करणाऱ्याला आरसा चुकवण्यासाठी काचांच्या कसरती कराव्या लागत नाहीत. निकॉनचीच १४-२४ एफ/२.८ घ्या. एफ माऊंटवरची साधारण १ किलोची होती, पुढचं भिंग फुगलेलं, साधा फिल्टर लावायची सोय नाही. झेडवरची तीच लेन्स ६५० ग्रॅमची आहे आणि हूडवर फिल्टर लागतो, भला मोठा ११२ मिमीचा असला तरी. हा फरक मंडपात उंच स्टुलावर उभं राहून एका हातानं फोटो काढताना मनगटाला कळतो. याउलट ७०-२०० एफ/२.८ बघा: एफ माऊंटची शेवटची आवृत्ती १४३० ग्रॅम, झेडची ट्रायपॉड कॉलरसकट १४४० ग्रॅम. २०० मिमीची एफ/२.८ लेन्स लांब आणि जड असते ती फोकल लांबी आणि पुढच्या मोठ्या भिंगामुळे, मागचे तीस मिमी वाचवून तिथे काही हाती लागत नाही. कॅननने आरएफ ७०-२०० एफ/२.८ पहिल्यांदा आणली तेव्हा वजन १०७० ग्रॅमपर्यंत उतरवलं, पण त्यासाठी झूम करताना लांबणारी नळी घ्यावी लागली आणि त्या लेन्सला टेलीकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) बसत नाही. कुठेतरी किंमत मोजावी लागतेच.

म्हणून “मिररलेस म्हणजे हलकं” हे वाक्य दुकानात ऐकलं की वजनकाटा आठवा. डी७५० बॅटरी-कार्डासकट साधारण ८४० ग्रॅम, निकॉनची मिररलेस झेड ६ साधारण ६७५ ग्रॅम. वाचले १६५. तुमच्या जुन्या लेन्स लावायला एफटीझेड अ‍ॅडॅप्टर घेतला की त्याचे १३५ परत आले. दिवसभर गळ्यात तेवढंच ओझं. लेन्स बदलाल तेव्हाच हलकं होईल, आणि तेही सगळ्याच लेन्सच्या बाबतीत नाही.

व्यासाच्या आकड्यावरून मात्र भांडण करू नका. झेडचा व्यास मोठा म्हणून फोटो चांगला आणि सोनीचा लहान म्हणून वाईट, असं होत नाही. त्याच ४६.१ मिमीच्या कड्यातून सोनीने ५० मिमी एफ/१.२ काढून दाखवली आहे. मोठा व्यास म्हणजे डिझाइनरला मोकळी जागा: कोपऱ्यात उजेड पोचवायला, बॉडीत हलणाऱ्या सेन्सरला, एफ/०.९५ सारखे हट्ट पुरवायला. ती जागा वापरून तुम्हाला परवडेल अशी लेन्स कंपनीने बनवली आहे का, एवढंच आपल्या कामाचं.

कमी अंतराचा खरा फायदा मला वाटतो तो जुन्या लेन्ससाठी. लांब अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर मधे पोकळ नळी घालून बसते, उलटं होत नाही. १६ मिमी हे या सगळ्यांत सगळ्यात कमी, म्हणून सोनी ई लेन्स झेड बॉडीवर बसवणारे पातळ अ‍ॅडॅप्टरही बाहेरच्या कंपन्यांनी काढले. (लग्नात असल्या जोडण्यांवर विसंबू नका. मोकळ्या वेळी फुटाळा तलावावर सूर्यास्त काढायला ठीक आहे.) आणि उलटं झालं की काय होतं त्याचं उदाहरण कॅननचा ईएफ-एम. २०१२ मध्ये आलेला हा माऊंट १८ मिमीचा, मग आलेला आरएफ २० मिमीचा. ईएफ-एमची लेन्स आरएफ बॉडीवर बसवायची तर ती दोन मिमी आत घुसवावी लागेल. कुठलाच अ‍ॅडॅप्टर ते करू शकत नाही. पुढे कॅननने आरएफवरच छोट्या सेन्सरच्या बॉडी आणल्या आणि ईएफ-एम बंद पडला. ज्यांनी त्यात लेन्स गोळा केल्या होत्या त्यांना वर चढायला जिनाच राहिला नाही. सॅमसंगचा एनएक्स, निकॉनचाच ‘वन’, यांचंही तेच झालं. ‘वन’ २०११ मध्ये आला आणि २०१८ मध्ये संपला, आणि त्याचा वेगवान फोकस त्या काळात लोकांना खरोखर आवडला होता. म्हणजे बॉडी चांगली असूनही माऊंट मरू शकतो.

तेव्हा नव्या सिस्टीमकडून पहिली मागणी ही: माझ्या आजच्या लेन्स पूर्ण चालल्या पाहिजेत आणि उद्याच्या लेन्सची वाट दिसली पाहिजे.

तुमच्या बाबतीत पहिल्या अर्ध्याचं उत्तर असं. २४-७० आणि ७०-२०० दोन्हींत स्वतःची मोटर आहे, एफटीझेडवर त्या व्यवस्थित चालतात. एक जादा फायदाही मिळतो. डीएसएलआरमध्ये फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे लेन्स-बॉडीची जोडी जरा पुढे किंवा मागे फोकस करते आणि आपण ते बारीक आकड्यांनी जुळवत बसतो. मिररलेस फोटोच्याच सेन्सरवर फोकस बघतो, ती कटकट संपते. ५० आणि ८५ ‘डी’ मात्र बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या लेन्स आहेत. डी७५० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये नाही. म्हणजे त्या हातानेच फोकस कराव्या लागतील. हळदीच्या वेळी धावत्या पोराचा फोटो हाताने फोकस करून काढायचा तर देव भलं करो. या दोन लेन्स बॉडीसोबत विकून टाका. १५०-६०० चं सांगता येत नाही; बाहेरच्या कंपन्यांच्या काही लेन्सना एफटीझेडवर चालायला फर्मवेअर अद्ययावत करावं लागलं होतं. त्यावर शेवटी येतो.

दुसरा अर्धा, म्हणजे लेन्सची वाट, मी वेगळ्या नजरेनं बघतो. नवा माऊंट येतो तेव्हा कंपनी आधी डोळे दिपवणाऱ्या लेन्स आणते. कॅननने आरएफसोबत २८-७० एफ/२ आणि ५० एफ/१.२ आणल्या. सुंदर लेन्स, पण त्यांच्या किमतीत आपल्याकडचा एखादा फोटोग्राफर सगळी बॅग भरतो. निकॉनने सुरुवात २४-७० एफ/४, ३५ एफ/१.८ आणि ५० एफ/१.८ ने केली. तेव्हा लोक म्हणाले, एवढा मोठा माऊंट आणि लेन्स एफ/४? मला ती सुरुवात शहाणपणाची वाटली. लग्नाचं काम करणाऱ्याचं पोट मधल्या किमतीच्या लेन्सवर भरतं: एक चांगला एफ/४ झूम, एफ/१.८ च्या दोन-तीन प्राइम, पाऊस-धूळ सोसणारी एक टेली. ही मधली फळी भरली आहे का ते बघा. आज कॅनन, निकॉन, सोनी तिघांकडेही ती बरीच भरलेली आहे. निकॉनची झेड २४-१२० एफ/४ तर हॉलमधल्या दिवसाच्या कामाला एकटी पुरते.

बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सचाही हिशेब करा. सोनीने २०११ मध्येच ई माऊंटची मूळ माहिती इतर कंपन्यांना खुली केली. म्हणून सिग्मा, टॅमरॉनच्या स्वस्त-मस्त लेन्स तिथे सगळ्यात जास्त आहेत. निकॉनवर त्या हळूहळू आल्या, परवान्याने. कॅननने फुल फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्सबाबत दार बराच काळ घट्ट लावून ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला वाट मिळाली तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती. हाताशी मोजका पैसा असेल तर हा मुद्दा बॉडीच्या कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठा आहे.

आता बॉडीकडे. इथे लग्नाच्या कामाला जे लागतं तेच सांगतो, बाकी जाहिरातीत वाचालच.

कार्डाचे दोन स्लॉट. यावर मी वाद घालत नाही. २०१८ मध्ये झेड ६, झेड ७ आणि कॅननची ईओएस आर तिन्ही एकेका स्लॉटसह आल्या आणि जगभरच्या लग्नवाल्यांनी नाकं मुरडली. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी पुढच्या बॉडींत दोन स्लॉट दिले. मंगलाष्टका पुन्हा म्हणता येत नाहीत. सेकंडहँडमध्ये पहिली झेड ६ फार स्वस्त मिळते म्हणून मोह होईल. जंगलासाठी, फिरण्यासाठी घ्या, लग्नात मुख्य बॉडी म्हणून नको. दोन्ही स्लॉट कुठल्या कार्डाचे तेही बघा. एक महागडं सीएफएक्स्प्रेस आणि एक एसडी असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी लिहिताना वेग एसडीचाच राहतो.

बॅटरी. डी७५० ची अधिकृत चाचणीतली संख्या १२३० फोटो, झेड ६ ची ३१०. वाचून घाबरू नका, कारण ती चाचणी स्क्रीन आणि फ्लॅशच्या ठरलेल्या वापरावर आहे. सलग शूट करताना प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट फोटो निघतात. पण आरशातून बघायला वीज लागत नव्हती आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत वीज खातो, हे खरंच आहे. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत प्रत्येक बॉडीला तीन बॅटऱ्या धरा. पॉवर बँकेवर चार्ज होणारी बॉडी असेल तर जेवणाच्या पंगतीत काम होतं. डी७५० च्या जुन्या बॅटऱ्या झेड ६ मध्ये बसतात, पण बॉडीत ठेवून यूएसबीने चार्ज होत नाहीत.

दिवे. हा विषय आपल्याकडे सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. मिररलेस आवाज न करता, इलेक्ट्रॉनिक शटरनं फोटो काढतो. हे ऐकायला फार छान वाटतं. पण जुन्या पिढीच्या सेन्सरला वरपासून खालपर्यंत पूर्ण चित्र वाचायला साधारण १/१५ ते १/२० सेकंद लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे त्यावरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/२० सेकंदात तो पाच वेळा लुकलुकतो आणि नवरीच्या तोंडावर पाच पट्टे येतात. म्हणून हॉलमध्ये मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० हा वेग, हा आपला नियम. मागे मोठी एलईडी भिंत असेल तर तिची लुकलुक वेगळीच असते. काही नव्या बॉडींत शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांनी हलवून ती मारता येते. झेड ८, झेड ९ सारख्या स्टॅक्ड सेन्सरच्या बॉडी इतक्या वेगानं वाचतात की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. तुमचं निम्मं काम सभागृहातलं असेल, म्हणजे देशपांडे सभागृहात शास्त्रीय गाणं, भाषणं, तर वेगानं वाचणाऱ्या सेन्सरला पैसे टाका. मैफिलीत आलापाच्या मधे खटखट न करता फोटो काढता येणं याचं मोल गायकाला विचारा. लग्नात मात्र आवाज लागतोच. स्टेजवरचे काका ‘खट’ ऐकू आल्याशिवाय हलत नाहीत. “काहून भाऊ, निघाला का फोटो?”

त्याच दिव्यांतला धोका म्हणजे लेझर. संगीताच्या कार्यक्रमात डीजेवाले सर्रास लेझर फिरवतात. डीएसएलआरमध्ये सेन्सर आरशामागे झाकलेला असायचा, फोटोच्या क्षणापुरता उघडा. मिररलेसमध्ये तो सतत उघडा. थेट लेझर लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटू शकतो. मी वरातीत फोटो काढत नसेन तेव्हा लेन्सला टोपण लावतो आणि डीजेवाल्याला आधीच सांगून ठेवतो.

फ्लॅश. तुमचे जुने फ्लॅश आणि ट्रिगर चालतील. पण झेड ६ सारख्या बॉडी फ्लॅशमधला लाल फोकस-दिवा पेटवत नाहीत. दिवे घालवून नवरा-नवरीची एंट्री होते तेव्हा डी७५० त्या लाल जाळीवर फोकस धरायचा, इथे बॉडीला आहे त्या उजेडात धरावा लागतो. म्हणून बॉडी निवडताना कमी उजेडात ती किती खाली, म्हणजे किती उणे ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) फोकस करते तो आकडा वाचा. आणि फ्लॅशवर काम करताना व्ह्यूफाइंडरमधला एक्स्पोजरचा परिणाम बंद करा, नाहीतर आत काळोख दिसेल आणि वाटेल कॅमेरा बिघडला.

डोळ्यावर फोकस. हे मिररलेसचं सगळ्यात मोठं देणं आहे, मान्य. आपल्याकडे मधे मुंडावळ्या लोंबतात. जुन्या बॉडी मोत्याच्या माळेवर फोकस घेऊन डोळे सोडतात, आणि ८५ मिमी एफ/१.८ वर तेवढा फरक चांगलाच दिसतो. नव्या पिढीच्या बॉडी बऱ्याच सुधारल्या आहेत. पण ही गोष्ट दुकानातल्या काउंटरवर कळत नाही. भाच्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधून बघा, हसू नका.

उन्हाचं थोडक्यात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपला मे महिना ४५ च्या पुढे जातो. फोटोला सहसा अडचण येत नाही, पण लांबलचक ४के व्हिडिओ मंडपात घ्यायचा असेल तर पंखा असलेली बॉडी किंवा मधे मधे विश्रांती. उन्हात उभ्या गाडीत बॅग ठेवू नका. धूळही तशीच: लेन्स काढली की समोर थेट सेन्सर. बंद केल्यावर शटर किंवा झडप खाली घेणारी बॉडी मिळाली तर तेवढीच निश्चिंती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत लेन्स बदलायची वेळ आलीच तर कुणाच्या तरी ओट्यावर चढून, बॉडीचं तोंड खाली करून बदला.

ताडोबाबद्दल वेगळं बोलतो, कारण तिथे माऊंटची निवड अगदी उलटी होऊ शकते. जंगलात वाइड लेन्सचा प्रश्नच येत नाही. मघाशी सांगितलेला कमी अंतराचा फायदा तिथे शून्य. तिथे महत्त्वाचं ते हे की मधल्या किमतीत लांब टेली कोणाकडे आहे. सोनीची २००-६०० एफ/५.६-६.३ २०१९ पासून आहे. निकॉनची १८०-६०० एफ/५.६-६.३ २०२३ मध्ये आली आणि जिप्सीतल्या निकॉनवाल्यांचा जीव भांड्यात पडला. कॅननची १००-५०० हलकी आणि धारदार, पण ५०० ला एफ/७.१, शिवाय तिच्यावर एक्स्टेंडर (कॅननचा टेलीकन्व्हर्टर) ३०० मिमीच्या पुढेच चालतो. कॅननची २००-८०० लांबीला जबरदस्त, पण ८०० ला एफ/९, म्हणजे सकाळी दार उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आभाळाला. पाणवठ्यावर भर उन्हात बसलेल्या वाघाला काहीही चालेल. बांबूत सावलीत चालणाऱ्या वाघाला एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं, खूप झाला. तिथे गवताच्या काड्यांमागच्या प्राण्याला ओळखणारा फोकस आणि बटण दाबण्याआधीच्या काही फ्रेम साठवणारी सोय या दोन गोष्टी मात्र मिररलेसने खरंच दिल्या. आवाज न होणं हाही फायदा आहे, अर्थात बाजूच्या जिप्सीत कोणी ओरडत नसेल तर.

आता एक गोष्ट जी कुठल्याच परीक्षणात येत नाही. तुम्ही एकट्याने लग्न करत नाही. म्हणजे शूट करत नाही. दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, ड्रोनवाला, बऱ्याचदा हे सगळे त्या दिवसापुरते बोलावलेले. सकाळी नऊला तुमची ८५ पडली तर तुम्ही कोणाची मागणार? तुमचा नेहमीचा साथीदार सोनीवर असेल आणि व्हिडिओवालाही सोनीवर, तर तुमच्या झेड माऊंटच्या बॅगेचा त्या संकटात उपयोग नाही. रंगांचंही तसंच: वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एका अल्बममध्ये जुळवताना रात्री जातात. मी स्वतः माऊंट ठरवताना ज्यांच्यासोबत हंगामभर काम करतो त्यांच्या बॅगा आधी बघितल्या. त्यानंतर शहरात भाड्याने लेन्स देणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं की अमुक माऊंटच्या कुठल्या लेन्स तुमच्याकडे असतात आणि लग्नतिथींच्या दाटीत त्या मिळतात का. आणि दुरुस्तीचं: बॉडी बाहेरगावी पाठवावी लागली तर किती दिवस जाते. ही तीन उत्तरं पुण्या-मुंबईत वेगळी येतील, गोंदियात वेगळी. म्हणून इंटरनेटवर कोणी “डोळे मिटून अमुक घ्या” म्हटलं तर तो कुठे राहतो ते आधी विचारा.

तर, तुमच्या जागी मी काय केलं असतं. तुमचा साथीदार आणि व्हिडिओवाला दोघंही पक्के सोनीवाले नसतील, तर निकॉन झेडवरच राहिलो असतो, कारण तुमच्या दोन महागड्या झूम जशाच्या तशा चालतात आणि बदल हप्त्याहप्त्यानं करता येतो. एका डी७५० च्या जागी झेड ५ II सारखी बॉडी: दोन्ही स्लॉट एसडीचे, त्यामुळे हातातली कार्डं चालतील, आणि फोकस नव्या पिढीचा. व्हिडिओ जास्त असेल तर झेड ६ III. दुसरी डी७५० एक हंगाम तशीच ठेवायची. सोबत एफटीझेड, आणि ५०-८५ विकून आलेल्या पैशात भर घालून झेडची एक एफ/१.८ प्राइम. २४-७० लगेच बदलू नका. तुमची पहिल्या आवृत्तीची असेल तर ९०० ग्रॅम, झेडची पहिली आवृत्ती ८०५ ग्रॅम, एवढ्याशा फरकासाठी तेवढे पैसे आत्ताच टाकायची गरज नाही. दोघंही सोनीवर असतील, तर उत्तर उलटं फिरतं: एकदाच त्रास सोसून सगळं विकून सोनीवर जाणं पुढच्या पाच वर्षांत स्वस्त पडू शकतं. हे मी निकॉनवाला असूनही सांगतोय.

“अजून थांबू का, काही नवीन येईल” असंही तुम्ही विचारलंय. २०१८ मध्ये थांबणं बरोबर होतं, तेव्हा सगळ्यांचीच लेन्सची यादी अर्धवट होती. आता बॉडीसाठी थांबाल तर थांबतच राहाल. फक्त तुळशीच्या लग्नानंतरच्या धामधुमीत बॉडी बदलू नका. पावसाळ्यात, काम कमी असताना घ्या, बटणं बोटांना सवयीची होऊ द्या. झेडवर झूम फिरवायची दिशा निकॉनचीच राहते, सोनीवर गेलात तर लेन्स लावायची दिशा उलटी आहे आणि घाईत ते फार नडतं.

तुमची १५०-६०० कुठल्या कंपनीची आणि कुठल्या आवृत्तीची ते लिहिलं नाहीये. ते कळवा, शिवाय तुमचा व्हिडिओवाला कशावर शूट करतो तेही. पहिल्यावरून ताडोबाची लेन्स आत्ता बदलायची की नाही ते सांगता येईल. ताडोबाचा कोअर (जंगलाचा आतला भाग) पावसाळ्यात तसाही बंद असतो, तेव्हा त्या लेन्सची घाई नाही.